जुन्या कॉम्प्युटरला झेपेल असा मोफत अँटीव्हायरस

मोंढ्यातल्या आडतीवर, तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात, जिल्हा परिषद शाळेच्या ऑफिसात दहा-बारा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप आजही रोज कामाला जुंपलेला असतो. टॅली, हिशेबपट्ट्या, सातबारा, पीकविम्याचे अर्ज, शालार्थची बिले, सगळे त्याच्यावरच. असे मशिन मंद झाले की पहिला संशय अँटीव्हायरसवर जातो. मग कुणीतरी तो काढून टाकतो, नाहीतर ‘हलका’ म्हणून ऐकलेले दोन-तीन मोफत अँटीव्हायरस एकावर एक बसवतो. पहिल्यात दार उघडे राहते. दुसऱ्यात दोन पहारेकरी एकाच दारात एकमेकांना अडवतात आणि मशिन जागच्या जागी थिजते.

‘हलका कोणता?’ या प्रश्नाला एका नावाचे उत्तर नाही. विंडोज कोणती, रॅम किती आणि हार्ड डिस्क जुन्या फिरत्या तबकडीची की एसएसडी (फिरता भाग नसलेली नवी डिस्क), या तीन गोष्टींवर ते ठरते. म्हणून काहीही डाउनलोड करण्याआधी दोन मिनिटे मशिनला द्या. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ आणि त्यात ‘अबाउट’ उघडा. रॅम, प्रोसेसर, विंडोजची आवृत्ती आणि ती ३२ बिट आहे की ६४ बिट, हे तिथेच लिहिलेले असते. विंडोज ७ असेल तर ‘कॉम्प्युटर’वर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ बघा. ३२ बिटकडे विशेष लक्ष द्या. बऱ्याच कंपन्यांनी ३२ बिटसाठी नवे अँटीव्हायरस देणे थांबवले आहे, त्यामुळे शंभर-दोनशे एमबी उतरवून झाल्यावर ‘हे इथे चालत नाही’ असा निरोप येतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डेटा मोजून वापरणाऱ्याला तो भुर्दंडच.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडा. हे मशिन चालू केल्यावर लगेच करा आणि पहिली दहा मिनिटे त्याच्याकडे बघत बसा. ‘मेमरी’चा रकाना ८५-९० टक्क्यांवर अडकलेला असेल तर रॅम अपुरी आहे. ‘डिस्क’चा रकाना १०० टक्क्यांवर लाल होऊन बसला आणि मेमरी मात्र अर्धीच भरलेली असेल, तर दोष तबकडीचा आहे. त्या रकान्यावर क्लिक केले की सगळ्यात जास्त डिस्क खाणारा प्रोग्रॅम वर येतो. तिथे ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ दिसला तर तो विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, म्हणजे डिफेंडर. ‘सर्व्हिस होस्ट: सिसमेन’ किंवा ‘विंडोज सर्च’ ही विंडोजचीच दुसरी कामे दिसली तर अँटीव्हायरस बिचारा विनाकारण शिव्या खातोय.

जड होतो म्हणजे काय होते

अँटीव्हायरस दोन तऱ्हांनी काम करतो. एक म्हणजे कायमचा पहारा. तुम्ही कोणतीही फाइल उघडली, कॉपी केली, डाउनलोड केली की ती तुमच्या हातात येण्याआधी तो तिच्यावर नजर टाकतो. ओळखीच्या व्हायरसांच्या खुणांची एक भलीमोठी यादी त्याच्याजवळ असते, तिच्याशी ती फाइल पडताळतो. यादीत नसलेली पण वागणूक संशयास्पद असलेली फाइल थांबवून ठेवतो, आणि इंटरनेट असेल तर कंपनीच्या सर्व्हरला विचारून घेतो. दुसरी तऱ्हा म्हणजे झडती, ज्याला आपण ‘स्कॅन मारणे’ म्हणतो. त्यात तो डिस्कवरच्या फायली एकेक करून चाळतो.

ती यादी रॅममध्ये बसते. डिफेंडर निवांत असताना साधारण दीडशे ते अडीचशे एमबी घेतो. ४ जीबी रॅममध्ये हा आकडा फार नाही. पाच-सहा टॅब उघडलेला क्रोम त्याच्या कितीतरी पट जागा अडवतो. खरा फटका बसतो तो डिस्कवर. फिरत्या तबकडीवर वाचणाऱ्या दांडीला इकडून तिकडे सरकावे लागते, आणि विखुरलेल्या बारीक फायली वाचताना ती सेकंदाला जेमतेम शंभरच्या आसपास उड्या मारू शकते. एसएसडीत सरकणारे काहीच नसते, तिथे हाच आकडा हजारांच्या घरात जातो. झडती चालू असताना दांडी अँटीव्हायरससाठी धावते, त्याच वेळी टॅलीही तिला बोलावते आणि दोघेही खोळंबतात. म्हणून ‘हलका’ अँटीव्हायरस शोधताना रॅमपेक्षा, तो झडती कधी घेतो आणि ती वेळ तुम्हाला बदलता येते का, हे जास्त महत्त्वाचे आहे.

हलकेपणाचे निकाल छापणाऱ्या दोन संस्था जगभर मानल्या जातात. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्हज. दोघींचे निकाल फुकट वाचता येतात आणि ते वाचावेतही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. ज्या मशिनला त्या ‘कमी ताकदीचे’ म्हणतात, त्यातही एसएसडी असते. आपल्याकडच्या ५०० जीबीच्या तबकडीवर तेच सॉफ्टवेअर तसेच पळेल, असे धरून चालू नका.

विंडोज १० असेल तर पहारेकरी आधीच घरात आहे

विंडोज ८ पासून पुढे डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस आहे आणि तो विंडोजबरोबरच येतो. विंडोज ७ मध्येही डिफेंडर नावाचे काहीतरी दिसते, पण ते फक्त हेरगिरी करणारे प्रोग्रॅम पकडायचे, व्हायरस नाही. त्या नावाला फसू नका.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढचे वर्षभर, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेचे अपडेट मिळवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने जाहीर केली. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती हवी. मायक्रोसॉफ्टचे खाते जोडून सेटिंग्ज सिंक केल्या, म्हणजे त्या खात्यावर साठवू दिल्या, तर पैसे लागत नाहीत. ‘विंडोज अपडेट’च्या पानावर नाव नोंदवण्याचा दुवा दिसतो. डिफेंडरच्या व्हायरस-यादीचे अपडेट मात्र विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत देत राहणार, असे कंपनीने सांगितले आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. व्हायरस-यादी ताजी असणे म्हणजे पहारेकऱ्याकडे चोरांचे नवे फोटो असणे. विंडोजचे अपडेट म्हणजे भिंतीला पडलेली भगदाडे बुजवणे. भगदाड उघडे असेल तर फोटो असून पुरत नाही. मे २०१७ मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय जगभर पसरला, तेव्हा ते भगदाड बुजवणारे अपडेट मार्चमध्येच आलेले होते. ज्यांनी ते टाकले नव्हते ते तावडीत सापडले.

तेव्हा ४ जीबी रॅम आणि विंडोज १० असेल तर आमचे मत सरळ आहे: दुसरे काही शोधू नका, डिफेंडरच नीट लावा. त्याला नोंदणी लागत नाही, तो जाहिराती दाखवत नाही, ‘प्रीमियम घ्या’ म्हणून मागे लागत नाही.

फक्त तो खरोखर जागा आहे ना, हे बघावे लागते, आणि आपल्याकडे इथेच मोठी गोम आहे. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या दुकानांतून ऑफिसमधून निघालेले सेकंडहँड डेस्कटॉप ‘विंडोज टाकून’ मिळतात. त्यातल्या अनेकांत विंडोजची कापून-छाटून हलकी केलेली प्रत असते किंवा ती चोरीच्या ॲक्टिव्हेटरने, म्हणजे खोटा परवाना लावणाऱ्या प्रोग्रॅमने, चालू केलेली असते. ॲक्टिव्हेटर चालावा म्हणून टाकणाऱ्याने डिफेंडर आधीच मारलेला असतो. ओळखायचे कसे? ‘सेटिंग्ज’, ‘अपडेट अँड सिक्युरिटी’, ‘विंडोज सिक्युरिटी’, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ या वाटेने जा. पान कोरे दिसले, उघडलेच नाही, किंवा ‘ही सेटिंग तुमचा ॲडमिनिस्ट्रेटर सांभाळतो’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली आणि मशिन तर तुमच्या घरचे, तर समजा की कुणीतरी हात घातलेला आहे. अशा विंडोजवर वरून कोणताही अँटीव्हायरस टाकणे म्हणजे पाया खचलेल्या भिंतीला रंग देणे. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत पानावरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ उतरवा, ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोज तयार करा आणि डेटा बाजूला काढून कोरी विंडोज टाका. ब्रँडेड मशिनवर पूर्वी खरी विंडोज १० चालू झालेली असेल तर ती बहुतेक वेळा इंटरनेट लागताच आपोआप ओळखली जाते, ‘प्रॉडक्ट की’ मागत नाही.

डिफेंडर जागा असेल तर त्याची वेळ लावायची. विंडोजची दुरुस्ती-देखभालीची कामे मुळात रात्री दोन वाजता ठरवलेली असतात. दुकान त्या वेळी बंद, कॉम्प्युटरही बंद. मग राहिलेले काम सकाळी मशिन चालू करून तुम्ही चहा घ्यायला वळलात की सुरू होते, आणि गिऱ्हाईक समोर उभे राहते तेव्हा डिस्क १०० टक्क्यांवर असते. यावर उपाय असा. स्टार्टमध्ये ‘टास्क शेड्युलर’ शोधून उघडा. डाव्या बाजूला ‘लायब्ररी’, त्यात ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘विंडोज डिफेंडर’ असे आत आत जा. मधल्या भागात ‘विंडोज डिफेंडर शेड्युल्ड स्कॅन’ दिसेल. त्यावर डबल क्लिक करा, ‘ट्रिगर्स’मध्ये ‘न्यू’ दाबा, ‘वीकली’ निवडा आणि जेवणाची सुट्टी किंवा बाजार बंद असलेल्या दिवसाची दुपार द्या. मशिन त्या वेळी चालू असायला हवे. ‘कंडिशन्स’मध्ये लॅपटॉप चार्जिंगवर असेल तरच सुरू कर, ही खूण राहू द्या. लाइट गेली की बॅटरीवर झडती चालवण्यात अर्थ नाही.

त्याच ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या पानाखाली ‘मॅनेज सेटिंग्ज’ आहे. तिथे ‘रिअल-टाइम’, ‘क्लाउड’ आणि ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ ही तिन्ही बटणे चालू ठेवा. त्याच्या शेजारी ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’ या भागात ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ असते. त्यात ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग’ चालू करा. फुकट सॉफ्टवेअरबरोबर गुपचूप घुसणारे टूलबार, ‘ड्रायव्हर अपडेटर’, ‘पीसी क्लीनर’ यांचे येणे यामुळे बरेच कमी होते. खरे तर जुने मशिन मंद करण्यात या टोळीचा वाटा व्हायरसपेक्षा जास्त असतो.

‘एक्सक्लूजन’ नावाची सोयही तिथेच मिळते. एखादा फोल्डर तपासू नकोस, असे त्यात सांगता येते. टॅली फारच रखडत असेल तर फक्त तिच्या डेटाचा फोल्डर तिथे घाला. ‘डाउनलोड्स’, ‘डेस्कटॉप’ किंवा पेनड्राइव्हचे अक्षर कधीही घालू नका. घाण येते ती याच तीन ठिकाणांहून.

हॉटस्पॉटवर चालवणाऱ्यांसाठी आणखी एक. विंडोजला ते कनेक्शन ‘मीटर्ड’, म्हणजे डेटा मोजून वापरायचे, म्हणून सांगितले असेल तर डिफेंडरची रोजची यादी आपोआप उतरणे थांबू शकते. आठवड्यातून दोनदा ‘चेक फॉर अपडेट्स’ हाताने दाबा. रोजचा फरक छोटा असतो, पण महिनाभर राहिले की पूर्ण यादी उतरते आणि ती शंभर एमबीच्या वर जाते. जिथे नेटच धड नाही तिथे ही पूर्ण यादी मायक्रोसॉफ्टच्या पानावरून तालुक्याच्या ठिकाणी उतरवून पेनड्राइव्हने न्यावी आणि डबल क्लिक करून टाकावी. ३२ आणि ६४ बिटसाठी फाइल वेगळी असते, आपली कोणती ते आधीच लिहून न्या.

बाहेरचा मोफत अँटीव्हायरस घ्यायचाच असेल

अवास्ट, एव्हीजी, अविरा, बिटडिफेंडर, कॅस्परस्की यांच्या मोफत आवृत्त्या आहेत आणि व्हायरस पकडण्यात त्या तयारीच्या आहेत. यातल्या पहिल्या तिन्ही आज जेन डिजिटल या एकाच कंपनीच्या छत्राखाली आहेत, त्यामुळे ‘अवास्ट नको, एव्हीजी बरा’ या वादात फारसा दम उरलेला नाही. बिटडिफेंडरच्या मोफत आवृत्तीत बटणे कमी आहेत, एकदा खाते उघडले की ती गुपचूप काम करते. ज्याला सेटिंग्जची कटकट नको त्याला ती सोयीची. कॅस्परस्की पकडण्यात तरबेज, पण रशियन कंपनी म्हणून अमेरिकेने २०२४ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली, हे माहीत असलेले बरे.

फुकटची किंमत दोन ठिकाणी वसूल होते. पहिली तुमच्या माहितीतून. अवास्टने जंपशॉट या आपल्या उपकंपनीमार्फत लोकांची ब्राउझिंगची माहिती विकली, २०२० च्या जानेवारीत ती कंपनी बंद करावी लागली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. म्हणून असा कोणताही अँटीव्हायरस टाकला की आधी सेटिंग्जमधले ‘प्रायव्हसी’चे पान उघडा आणि माहिती वाटून घेण्याच्या सगळ्या खुणा काढा.

दुसरी किंमत वजनातून. इन्स्टॉल करताना मोठ्या हिरव्या बटणाला भुलून पुढे पुढे गेलात तर ब्राउझर, व्हीपीएन, क्लीनर, पासवर्ड सांभाळणारा असा सगळा लवाजमा आत येतो. बारीक अक्षरातले ‘कस्टमाइझ’ शोधा. अवास्ट आणि एव्हीजीमध्ये फाइल शील्ड, वेब शील्ड आणि बिहेविअर शील्ड एवढी तीन ठेवा. बाकीच्या खुणा काढल्या तरी संरक्षणात फार फरक पडत नाही, पण जुने मशिन सुटते. ‘टोटल’, ‘अल्टिमेट’ अशी नावे असलेली पॅकेजेस, मग ती कोणत्याही कंपनीची असोत, २ जीबी रॅमच्या मशिनवर टाकू नका.

एका मशिनवर कायम पहारा देणारा अँटीव्हायरस एकच. बाहेरचा टाकला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, पण दोन बाहेरचे एकत्र टाकले तर दोघेही एकच फाइल धरून बसतात आणि मशिन गोठते. लॅपटॉपबरोबर आलेला, मुदत संपलेला ट्रायल अँटीव्हायरस हीसुद्धा नेहमीची डोकेदुखी. तो काम करत नाही आणि जागाही सोडत नाही. ‘अनइन्स्टॉल’ करूनही त्याचे अवशेष राहतात. जवळपास प्रत्येक कंपनी स्वतःचे ‘रिमूव्हल टूल’ फुकट देते. ते उतरवून, मिळेल तिथे सेफ मोडमध्ये (विंडोज गरजेपुरतीच चालू करून) चालवून, मशिन रीस्टार्ट करून मगच दुसरा टाका.

शंका आल्यावर दुसरे मत घ्यायला वेगळी अवजारे आहेत. ती रोज पहारा देत नाहीत, म्हणून त्यांचा रोजचा भारही नाही. मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती त्यासाठी चांगली. टाकल्यावर ती चौदा दिवस प्रीमियमची चव देते, ती सेटिंग्जमधून आधीच बंद करा म्हणजे फक्त तुम्ही सांगाल तेव्हा झडती घेईल. मायक्रोसॉफ्टचा ‘सेफ्टी स्कॅनर’ इन्स्टॉलही करावा लागत नाही, पण उतरवल्यापासून दहा दिवसांनी तो शिळा होतो आणि नवा उतरवावा लागतो. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून देशी कंपन्यांची बॉट, म्हणजे मशिन दुसऱ्याच्या ताब्यात देणारे प्रोग्रॅम, काढायची मोफत साधने उपलब्ध केली आहेत. त्यात पुण्याच्या क्विक हीलचे साधनही आहे. क्विक हीलचा नेहमीचा अँटीव्हायरस मात्र पैसे देऊनच घ्यावा लागतो. त्याची ‘की फुकट’ देणारा कुणी भेटला तर हात जोडून पुढे व्हा.

पेनड्राइव्ह, म्हणजे खरे दार

जून-जुलैत झेरॉक्सच्या दुकानात पीकविमा आणि शाळा-कॉलेजचे प्रवेश एकाच वेळी येतात. दिवसाला पन्नास-साठ पेनड्राइव्ह एकाच मशिनला लागतात. एका गावातून आलेला व्हायरस संध्याकाळपर्यंत दहा गावांत जातो. इथे अँटीव्हायरस कोणता यापेक्षा पेनड्राइव्ह कसा उघडायचा हे कळणे जास्त मोलाचे आहे.

सगळ्यात जास्त आढळतो तो शॉर्टकट व्हायरस. पेनड्राइव्ह लावला की आत तुमचे फोल्डर दिसत नाहीत. पेनड्राइव्हच्याच नावाचे एक चिन्ह दिसते, कोपऱ्यात छोटा वाकडा बाण आणि आकार एक-दोन केबी. लोक घाबरून त्यावरच डबल क्लिक करतात. त्या क्लिकने दोन गोष्टी एकदम होतात: व्हायरस कॉम्प्युटरमध्ये शिरतो, आणि लपवलेला खरा फोल्डरही उघडतो. फायली दिसतात, माणूस निर्धास्त होतो, आणि त्यानंतर त्या मशिनला लागणारा प्रत्येक पेनड्राइव्ह बाटतो. डेटा गेलेला नसतो. तो बहुतेक वेळा बिननावाच्या एका फोल्डरमध्ये लपवलेला असतो.

तो असा काढा. कोणत्याही फोल्डरच्या खिडकीत ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘ऑप्शन्स’ उघडा. तिथल्या ‘व्ह्यू’च्या यादीत लपलेल्या फायली दाखवा, ही खूण करा. ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची खूण काढा, कारण व्हायरस फोल्डरला सिस्टिमचा शिक्का मारून ठेवतो आणि नुसते ‘हिडन’ दाखवून तो दिसत नाही. ‘हाइड एक्स्टेन्शन्स’चीही खूण काढा. आता फिका दिसणारा फोल्डर डाव्या बाजूच्या यादीतून उघडा, शॉर्टकटला हात लावू नका. आतल्या फक्त ओळखीच्या फायली, म्हणजे पीडीएफ, फोटो, वर्ड, एक्सेल, कॉम्प्युटरवर एका नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा. ज्यांच्या नावाच्या शेवटी ईएक्सई, व्हीबीएस, जेएस, एससीआर किंवा बीएटी आहे त्या तिथेच राहू द्या. फोल्डरचे चिन्ह असलेली पण शेवटी ईएक्सई लिहिलेली फाइल हा फोल्डर नसतो. मग त्या नव्या फोल्डरवर उजवी क्लिक करून स्कॅन करा आणि पेनड्राइव्ह सरळ फॉरमॅट करा. शेवटी सिस्टिम फायली लपवण्याची खूण परत लावा, नाहीतर कुणीतरी कचरा समजून विंडोजचीच फाइल उडवेल.

पेनड्राइव्ह साफ करूनही शॉर्टकट पुन्हा तयार होत असेल तर व्हायरस मशिनमध्ये बसला आहे. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘स्कॅन ऑप्शन्स’ उघडून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडा. मशिन रीस्टार्ट होते आणि विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच, व्हायरस अजून झोपेत असताना, झडती होते. साधारण पंधरा मिनिटे लागतात, जुन्या तबकडीवर जास्त. यूपीएसची बॅटरी उतरलेली असेल तर हे लाइट जाण्याच्या वेळी सुरू करू नका.

शाळेसारख्या ठिकाणी, जिथे कुणीही येऊन पेनड्राइव्ह लावतो, तिथे सायबर स्वच्छता केंद्रावरचे ‘यूएसबी प्रतिरोध’ हे सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बनवलेले मोफत साधन बघण्यासारखे आहे. नोंदवलेलेच पेनड्राइव्ह आणि पासवर्ड असलेलाच माणूस, एवढ्यांनाच ते आत घेते. त्याबरोबर रोजच्या कामासाठी ‘स्टँडर्ड’ खाते काढा आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड एकाच माणसाकडे ठेवा.

विंडोज ७ वाल्यांचे काय

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. तिच्यासाठीची क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. अँटीव्हायरस टाकता येतो, पण टाकण्याआधी कंपनीच्या पानावर ‘सिस्टिम रिक्वायरमेंट्स’मध्ये विंडोज ७ सर्व्हिस पॅक १ चे नाव अजून आहे का ते वाचा. आणि नाव असूनही इन्स्टॉल अडले तर कारण बहुधा एकच असते. २०१९ पासून सॉफ्टवेअरवरच्या डिजिटल सह्या नव्या पद्धतीच्या झाल्या आणि जुन्या विंडोज ७ ला त्या वाचता येत नाहीत. केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ हे दोन अपडेट मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरून उतरवून, याच क्रमाने टाका आणि प्रत्येकानंतर रीस्टार्ट करा. तरीही त्या मशिनवर बँक उघडू नका, ओटीपी मागणारे काही करू नका. नेट काढून नुसते टायपिंग आणि प्रिंटसाठी वापरलेले बरे.

२ जीबी रॅमवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चालते आणि पेनड्राइव्हवरचे विंडोजचे व्हायरस तिच्यावर चालत नाहीत. ब्राउझर, पत्र, पीडीएफ एवढेच काम असेल तर ती खुशाल टाका. पण टॅली आणि अंगठ्याच्या मशिनचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेले असते, त्यामुळे सेवा केंद्रवाल्यांनी आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघावी. आणि थोडा खर्च जमत असेल तर तबकडी काढून २.५ इंची साटा एसएसडी बसवा. जुन्या कोअर टू ड्युओच्या बोर्डवरही ती चालते, आणि ‘अँटीव्हायरसने मशिन मंद केले’ ही तक्रार तिथेच बरीचशी मिटते.

सगळे नीट लावूनही यादी अपडेट होत नसेल, प्रत्येक वेबसाइट ‘असुरक्षित’ म्हणत असेल, तर खालच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती २००९ किंवा २०१२ दाखवत असेल तर बोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. अँटीव्हायरसला आजची यादी भविष्यातली वाटते आणि तो ती नाकारतो. मशिनची वायर काढा, झाकण उघडा, सीआर २०३२ असे लिहिलेला ३ व्होल्टचा सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो, तो अक्षरे वर ठेवून बसवा. झाकण उघडलेच आहे तर ब्रशने प्रोसेसरच्या पंख्यातली धूळही काढा. मे महिन्यात बेचाळीस अंशात तो पंखा चोंदला की प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो. मग झाकण लावून मशिन चालू करा, तारीख-वेळ बरोबर करा आणि ‘चेक फॉर अपडेट्स’ पुन्हा दाबा.